उपग्रहाला न दिसलेले निळे ड्रम

या ब्लॉगवर तुम्ही घाट, धबधबे आणि कुठे काय खावं हे वाचायला येता, ते मला माहीत आहे. यावेळी खाणं थोडं आहे, धबधबा नाही, आणि मी फिरायलाही गेले नव्हते. मला पाठवलं होतं. खरं तर कार्यालयातलं कोणीच जायला तयार नव्हतं. एकाची मुलगी दहावीला, दुसऱ्याची पाठ धरलेली, आणि माझ्याकडे सांगण्याजोगं कारणच नव्हतं. दसरा होऊन गेला होता, दिवाळी तोंडावर होती, आणि खानदेशात ऊन असं होतं की कॅलेंडर बघून विश्वास बसू नये.

आधी माझं काम सांगते, म्हणजे पुढचं सोपं जाईल. मी पुण्यात एका कार्यालयात बसून उपग्रहाच्या चित्रांवरून डेंगीच्या तापाचे नकाशे बनवते. उपग्रहाला डास दिसत नाहीत. त्याला दिसतं हिरवं किती, ओल किती, जमीन तापलेली किती. त्यावरून डासांना कुठे सोयीचं पडेल याचा आम्ही अंदाज बांधतो. जिथे सोय जास्त ते गाव लाल, जिथे नाही ते पांढरं. लाल गावांची यादी पुढे जाते आणि त्या गावांत जादा फवारणी, अळ्या शोधणारं पथक, ताप तपासायचं सामान आधी पोहोचतं. यादीत जागा मोजक्या असतात. गेल्या वर्षीची यादी माझीच होती आणि यंदाचीही मीच करत होते.

त्यात एक आवाजी संदेश आमच्यापर्यंत येऊन पोहोचला. अमळनेर आणि धुळ्याच्या मधल्या एका गावच्या आशाताईंनी, म्हणजे घरोघरी फिरणाऱ्या आरोग्यसेविकेने, तो तालुक्याला पाठवला होता, तालुक्याने जिल्ह्याला, आणि असा ढकलत ढकलत तो माझ्या फोनवर आला. बाई चिडलेल्या होत्या, पण आवाज चढलेला नव्हता. "साहेब, तुमना नकाशावर आमनं गाव पांढरं शे म्हणे. आठे गल्लीगल्लीमा ताप शे. वरथून दिसत नसी ते खाले उतरीसन दखा."

मी खाली उतरायचं ठरलं. आमचे साहेब म्हणाले, लाल गावंही एखादं बघून या, म्हणजे प्रवासखर्चाला अर्थ राहील.

रेल्वेने सकाळी जळगावला उतरले. स्टेशनबाहेर पोहे खाल्ले, तर्रीने डोळ्यांत पाणी आलं आणि झोप उडाली, एवढा त्यांचा उपयोग. रिक्षावाल्याला बसस्थानक सांगितलं, तर त्याने वाटेत सराफ बाजार दाखवू का म्हणून दोनदा विचारलं. जळगावला आलेली बाई सोनं न घेता जाते हे त्याला पटत नव्हतं. मी म्हटलं, दादा, मी डास बघायला आले आहे. त्याने रिक्षा सरळ बसस्थानकाकडे वळवली. तुम्ही जाणार असाल तर चोपड्याची एसटी सकाळचीच धरा. बाईमाणसाला अर्धं तिकीट आहे, गर्दी पूर्ण आहे, आणि उन्हं चढल्यावर खिडकीचा पत्रा हाताला चटका देतो.

तापीचा पूल ओलांडला आणि दोन्ही बाजूंनी केळी सुरू झाली. सातपुडा समोर धुरकट, त्याच्या पायथ्यापर्यंत हिरवं. हा भाग मी वर्षानुवर्षं वरून पाहिलाय. माझ्या नकाशावर तो भडक लाल असतो, कारण एवढी दाट हिरवळ आणि पानांतली एवढी ओल जिल्ह्यात दुसरीकडे नाही. खिडकीतून बघताना मला आधी समाधान वाटलं, ते खोटं कशाला सांगू. वाटलं, बरोबर ओळखलं आपण.

चोपड्याच्या अलीकडे एका गावात मला एका आबांकडे पाठवलं होतं. आबा सत्तरीचे, स्वतःची केळी, आरोग्याच्या कामात गावाच्या वतीने धावपळ करणारे. गावांची नावं मी लिहीत नाही, का ते शेवटी कळेल. मी पोहोचले तशी त्यांनी ओट्यावर खाट टाकायला लावली. "या ताई, बसा. पह्यले पाणी ल्या." आणि मी पेला खाली ठेवायच्या आत, "आमनं गाव यादीमा शे ना?"

मी म्हटलं, "आहे. लाल आहे."

आबा खूश झाले. "डास ते इतला शेतस, सांजले ओट्यावर बसता येत नई."

जेवायला त्यांच्या धाकट्या सूनबाईंनी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी आणि भरीत वाढलं. वांगी अजून हंगामाची नव्हती, म्हणून ती माफी मागत होती. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. चौथी टाकताना ती हसत म्हणाली, "अजून एक ल्या ना ताई. पुण्यामा कळण्यानी भाकर भेटस का?" भेटत नाही. चौथीही खाल्ली, मग केळीत चालायला निघाले तेव्हा पाय उचलत नव्हते.

केळीत गेल्यावर माझं समाधान हळूहळू उतरलं. वर पानं ओथंबलेली, खाली जमीन मात्र कोरडी. ठिबकच्या काळ्या नळीच्या प्रत्येक छिद्राखाली वाटीभर ओल, आणि दोन ओळींच्या मध्ये मातीला भेगा. साचलेलं पाणी शोधून सापडेना. आबा अभिमानाने सांगत होते, आम्ही थेंब वाया घालवत नाही. डास होते ते गावाच्या गटारीवरचे, संध्याकाळी चावणारे. डेंगीचा डास दिवसा चावतो आणि घरातल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, हे शाळेतल्या भिंतीवरही लिहिलेलं असतं. गावात नळ रोज येत होता. घरात साठवण म्हणजे दोन हंडे आणि एक माठ. मी हे सगळं माझ्या डायरीत लिहिलं आणि आबांना काहीच बोलले नाही. निघताना त्यांनी पुन्हा विचारलं आणि मी पुन्हा हो म्हटलं.

त्या रात्री चोपड्यात राहिले, खोली स्वच्छ होती, पंखा फक्त जोरात किंवा बंद. सकाळी अमळनेरची बस. माझ्यापुढच्या बाकावर दोन बायका तापाबद्दल बोलत होत्या. एकीने विचारलं, "पपईना पानना रस दिधा का?" दुसरी म्हणाली, "दिधा. ओकी टाका त्यानी." मग दोघी कपाशीच्या वेचणीच्या मजुरीवर गेल्या. मला मध्ये बोलावंसं वाटलं आणि बोलले नाही, कारण काय बोलायचं ते चार वाक्यांत बसत नव्हतं.

अमळनेरहून काळी-पिवळी जीपने त्या पांढऱ्या गावच्या फाट्यावर उतरले. आशाताई तिथे उभ्या होत्या. मंगलाताई म्हणू या, खरं नाव वेगळं आहे. चाळिशीच्या, अंगाने बारीक, पिशवीत औषधं आणि एक शाळेची वही. संदेशातला राग मला बघून जरा ओशाळला. माझ्याशी त्या शाळेतली मराठी बोलल्या. "मॅडम, खरंच याल असं वाटलं नव्हतं."

गाव रिकामं होतं, सगळे कपाशीत. धाब्याची घरं, मातीची सपाट छपरं, उन्हात पांढुरकी पडलेली. वरून हे गाव मला कसं दिसत असणार ते इथे उभं राहून कळलं: हिरवं नाही, ओल नाही, नुसती तापलेली माती. डासाने इथे कशासाठी यावं? मग मंगलाताईंनी एका घराचं दार ढकललं आणि आत निळे ड्रम दिसले. ओसरीत तीन, स्वयंपाकघरात दोन, मागे सिमेंटची टाकी, कोपऱ्यात हंड्यांची उतरंड. पुढच्या घरात तेच. त्याच्या पुढच्या घरातही तेच.

"नळ दहाव्या दिवशी येतो," मंगलाताई म्हणाल्या. "पावसाने ओढ दिली की बाराव्या दिवशी. इकडे मुलीच्या लग्नात भांड्यांबरोबर ड्रमही देतात. ज्या घरात ड्रम कमी त्या घरात पोरगी देत नाहीत."

त्यांच्या स्वतःच्या घरी चार ड्रम होते. त्यातल्या एकावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "हा सुनंदाचा, माझ्या जावेचा. गेल्या वर्षी तापात गेली. धुळ्याला नेईपर्यंत अंगावर लाल पुरळ उठलं होतं. तिची दोन मुलं आता माझ्याकडे असतात." त्यांनी ड्रमचं झाकण सरळ केलं. "तेव्हा पण आमचं गाव तुमच्या यादीत नव्हतं."

मला माफी मागावीशी वाटली, पण कुणाच्या मरणावर परक्या बाईने येऊन माफी मागणं म्हणजे तिलाच आपलं सांत्वन करायला लावणं. मी खाली बसले. त्यांनी चहा टाकला.

तो शुक्रवार होता, म्हणजे कोरडा दिवस. आरोग्य खात्याची ही रीत चांगली आहे: आठवड्यातून एकदा घरातली सगळी भांडी रिकामी करायची, घासायची, वाळवायची, म्हणजे अळी डास व्हायच्या आत संपते. मंगलाताईंनी मला ती प्रत्यक्ष दाखवली. शेजारची वहिनी एका ड्रमवर लुगड्याचा तुकडा बांधून त्यात दुसऱ्या ड्रममधलं पाणी बादलीने ओतत होती. दुसरा ड्रम रिकामा झाला, की तिसऱ्यातलं पाणी दुसऱ्यात. असं सगळं पाणी घरातल्या घरात फिरलं. थेंब सांडला नाही.

"रिकामं कयं ना ताई," वहिनी मला म्हणाली. "हाई दखा, बठ्ठं त्या ड्रममा टाकं."

अळ्या फडक्यात अडकल्या होत्या, वळवळताना दिसत होत्या. पण या डासाची अंडी ड्रमच्या आतल्या भिंतीला चिकटून बसतात. तिथे पाणी परत चढलं की ती उघडतात. मी मंगलाताईंना हळूच विचारलं, "आतून घासत का नाहीत?"

"घासायला पाणी लागतं ना मॅडम."

मी बावीस वर्षं हे काम करते. एवढं साधं वाक्य माझ्या कुठल्याही बैठकीत कुणी बोललं नव्हतं.

मंगलाताईंनी स्वतःची युक्ती काढली होती. शुक्रवार सोडायचा. नळ यायच्या आदल्या दिवशी ड्रम तसाही तळाला गेलेला असतो. तेव्हा तो आडवा करून नारळाच्या शेंडीने आणि चुलीतल्या राखेने कोरडाच घासायचा, दिवसभर उन्हात ठेवायचा. त्यांच्या गल्लीत पाच घरं हे करतात आणि त्या पाच घरांत यंदा ताप नाही. बाकीच्यांना पटवायला एकटी बाई पुरत नाही. वर कागदावर कोरडा दिवस शुक्रवारीच हवा, त्यामुळे त्यांच्या या कामाची कुठे नोंदच नाही. म्हणून त्यांना पथक हवं होतं. चार माणसं आठ दिवस आली, घराघरात गेली, औषध टाकलं, रक्त तपासलं, तर हा ताप दिवाळीआधी आटोक्यात येईल, असं त्या म्हणत होत्या. त्यांचं मागणं तेवढंच होतं, आणि ते यादीशिवाय मिळत नव्हतं.

मी त्यांची वही मागितली. डाव्या पानावर नळ कोणत्या दिवशी आला ते, उजव्या पानावर कोणाला कधी ताप आला ते. दोन पावसाळे त्यांनी न चुकता लिहिलं होतं. मी लॅपटॉप उघडला आणि गावाला पाणी देणाऱ्या तळ्याची जुनी चित्रं काढली. उपग्रह दर काही दिवसांनी तिथून जातोच, चित्रं आमच्याकडे पडून असतात. मंगलाताई वाकून बघत होत्या. "हे आमचं तळं? एवढंसं?"

मग आम्ही दोघी जमिनीवर बसून वही आणि चित्रं शेजारी ठेवत गेलो. तळं आकसलं की डाव्या पानावर नळाचे दिवस लांबत होते. नळ लांबला की लोक जास्त ड्रम भरून जास्त दिवस ठेवत होते. आणि पुढे काही आठवड्यांनी उजव्या पानावर नावं वाढत होती. एकदा नाही, दोन्ही वर्षी. सुनंदाचं नावही त्या पानावर होतं. ती चित्रं गेल्या वर्षी माझ्याकडे होती, तेव्हाही. मी ओल शोधत बसले होते आणि हा रोग पाणी आटलं की वाढत होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो मी पगार घेऊन घातला.

एक गाव आणि एक वही, एवढ्यावर काही सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं. पण त्या दुपारी मला त्याबद्दल शंका नव्हती. आता लिहितानाही नाही.

निघताना मंगलाताईंनी विचारलं, "मग आम्हाला घालणार ना यादीत?" मी आबांना जितक्या पटकन हो म्हटलं होतं तितक्या पटकन इथे म्हटलं नाही. म्हटलं, "प्रयत्न करते." त्यांनी मान हलवली. हे उत्तर त्यांच्या ओळखीचं होतं.

धुळ्याला पोहोचले तेव्हा कानशिलं ठणकत होती. बसस्थानकाजवळ शेवभाजी खाल्ली. तिखट सांभाळून मागा, इथे 'मध्यम' म्हटलं तरी घाम फुटतो. जेवून साहेबांना फोन लावला. ते शांतपणे ऐकतात, हा त्यांचा गुण आहे. मग म्हणाले, "एका वहीच्या भरवशावर सगळी पद्धत बदलता येत नाही. पुढच्या वर्षी बघू." मी म्हटलं, पुढच्या वर्षी नाही, ताप आत्ता आहे. बरेच बोललो. शेवटी ते म्हणाले, "यादी सोमवारी बंद होते. जागा वाढणार नाहीत. एक गाव घालायचं तर एक काढा. सही तुमची."

धुळ्याहून पुण्याला दिवसाची बस. मालेगाव, मनमाड, नगर, अंग आंबून जातं. सवड असेल तर मध्ये मुक्काम करा. मला झोप लागली नाही. डोक्यात लाल गावांची यादी फिरत होती. ती सगळी केळीच्या पट्ट्यातली, आणि त्यातल्या एकाशिवाय कुठलंही गाव मी पाहिलेलं नव्हतं. न पाहिलेल्या गावात घरोघरी ड्रम असतील, नसतील, मला काय माहीत. न बघता काढणं म्हणजे गेल्या वर्षी केलं तेच. साचलेलं पाणी नाही, नळ रोज येतो, हे मला खात्रीने सांगता येत होतं ते फक्त आबांच्या गावाबद्दल. मी तिथे गेले नसते तर ते गाव यादीत राहिलं असतं.

रविवारी घरी, कपडे मशीनमध्ये टाकून, मी आबांचं गाव काढलं आणि मंगलाताईंचं घातलं. टिपणात वहीबद्दल आणि तळ्याबद्दल दोन पानं लिहिली, ती कोणी वाचली का ठाऊक नाही. सोमवारी सही केली. मंगलाताईंना फोनवर सांगितलं. "बरं झालं," म्हणाल्या. मग लगेच, "पथकाला नळाच्या आदल्या दिवशी पाठवा. नळ आल्यावर कोणी ड्रमला हात लावू देणार नाही." ते मी जमवलं. पथक गेलं, कामाला लागलं आहे. गावात नवा ताप कमी झाला का, हे कळायला अजून वेळ लागेल.

प्रवासातून काय राहिलं, असं मी दरवेळी शेवटी लिहिते. यावेळी थकवा राहिला. आणि आबांना सांगायचं राहिलं होतं. चार दिवस टाळलं, मग काल संध्याकाळी फोन केला. सगळं सांगितलं, तुमचं गाव काढलं, मी काढलं, या कारणाने काढलं. त्यांनी आधी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तठे कोनी गयं का?"

"गेल्या वर्षी एक बाई गेली. दोन मुलांची आई."

"मंग बराबर कयं तुम्ही."  मागे भांड्यांचा आवाज येत होता. "ताई, एक इचारू? आमनी धाकली सूनबाईले दोन दिनथून ताप शे. साधाच असी ना तो?"

मी त्यांना म्हटलं, आजच तालुक्याला न्या, रक्त तपासा, वाट बघू नका. ते म्हणाले नेतो. फोन ठेवल्यावर मी नकाशा उघडून त्यांच्या गावाकडे बघत बसले. ते आता पांढरं आहे, आणि तिच्या तापाबद्दल त्यातून मला काहीही कळत नाही.